आकड्याकडे पाठ करून

आमचे मालक बॅटरी तपासताना मीटरकडे पाठ करून उभे राहायचे. तोंड भिंतीकडे, हात मागे बांधलेले. परक्या माणसाला वाटावं, मास्तरांनी शिक्षा केलीय. मीटरकडे बघायचं काम माझं. मालक भिंतीला सांगायचे, "आकडा रिपोर्ट!" की मी मागून ओरडायची, "बारा सात!" बारा सात म्हणजे बारा व्होल्ट आणि वर सात दशांश. मी चौथी पास. दशांश मला शाळेत कुणी शिकवले नव्हते, ते मालकांनी शिकवले.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "मालक, डोळं अधू हायत का तुमचं?"

"डोळं चांगलं हायत, म्हणूनच फिरवल्यात," ते भिंतीला म्हणाले. "डोळ्याला जो आकडा पायजे असतो त्योच दिसतो, बाई. कानाला लबाडी जमत न्हाई."

ते मूळचे मेढ्याचे, डोंगरातले. लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून आले आणि सांगलीजवळ कुपवाडच्या कारखान्यांत एक पत्र्याची शेड घेऊन बसले. आधी ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या, मग ट्रकच्या, आणि शेवटची काही वर्षं घरगाड्यांच्या. घरगाडी म्हणजे आत झोपायला, शिजवायला, अंघोळीला जागा असते ती. आमच्या शेजारच्या शेडमध्ये अशा गाड्या बांधायचे. त्या गाडीत दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन चालू करायची. ती एकदा जोर लावते आणि गप्प बसते. दुसरी घराची. पंखा, दिवे, फ्रीज, पाण्याचा पंप, सगळं तिच्या जिवावर. तिला तासन् तास ओढायचं असतं. मालकांचा धंदा ह्या दुसऱ्या बॅटरीचा.

मी तिथं बॅटऱ्यांत पाणी भरायची, त्यांची डोकी घासायची आणि आकडे ओरडायची. पंचवीस वर्षं. आता मालक नाहीत, शेडही नाही. मी कुणाच्या आठवणीनं रडणारी बाई नव्हे. पण तो किटलीचा दिवस आठवला की आजही माझे हात शिवशिवतात, म्हणून लिहायला बसले.

मला कामावर घेतलं तेव्हा मालकांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. पाण्याचे दहा-दहा लिटरचे दोन कॅन माझ्या दोन हातांत दिले आणि म्हणाले, "फाटकापर्यंत जाऊन परत या. जाताना तेराचा पाढा म्हणा. मोठ्यांदा."

मी मनात म्हटलं, माणूस येडा आहे. पण नवरा जाऊन पाच वर्षं झाली होती, पोरगी शाळेत होती, काम पाहिजे होतं. निघाले. तेरा सक अठ्ठ्याहत्तरला दम लागला. तेरा साते एक्क्याण्णवला आवाज फाटला. तेरा दाहे तीसासे म्हटलं ते कोंबडं कापल्यासारखं. कॅन खाली आपटून मी म्हटलं, "आता काय चौदाचा म्हणू?"

"आवाज पडला, पण बंद न्हाई पडला," मालक म्हणाले. "उद्यापास्नं या."

तेच त्यांचं शास्त्र. बसल्या जागी सगळ्या बॅटऱ्या बारा सात असतात, असं ते म्हणायचे. भार दिल्यावर कोण किती पडतं, ते बघायचं. ही गोष्ट बॅटरीपुरती ठेवली असती तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण ते सगळ्यालाच भार देऊन बघायचे. नवी खुर्ची आणली की तिच्यावर आधी दोन बॅटऱ्या ठेवायच्या, मग स्वतः बसायचं. रस्त्यात कुणी म्हणालं, "बरं चाललंय आमचं," की ह्यांचा प्रश्न ठरलेला. "बसून का चढून?" म्हणजे निवांत बसून बरं आहेस, की जिना चढतानाही बरं आहेस? लोक वैतागायचे. चहावाला तर ह्यांना बघितलं की लांबूनच ओरडायचा, "चढून बरा हाय, मालक!"

भाचीला बघायला औंधकडचा मुलगा आला होता, तेव्हाची गोष्ट तर सांगलीत अजून सांगतात. मुलाकडची माणसं घरात बसली, पोहे झाले. मुलगा अगदी गुणी. बापाच्या शेजारी गुडघे जुळवून बसलेला. दारू? नाही. तंबाखू? नाही. राग? येतच नाही. मालक ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पाव्हणं, जरा भाईर या. आमची जीप चालू होईना. धक्का मारायचाय."

जीपची तार ह्यांनीच काढून ठेवली होती. मुलगा मागून ढकलतोय, गल्लीला चढ, आणि मालक आत बसून खिडकीतून मान बाहेर काढून विचारतायत, "दारू पिता का?"

"न्हाई!"

अजून वीस पावलं. "पिता का?"

"कवा तरी!"

अजून दहा पावलं. "कवा तरी म्हंजे कवा?"

"शनवारी! आवं, ब्रेक तरी काढा!"

घरात रडारड व्हायची वेळ आली. मालक मात्र खूश, आकडा सापडला म्हणून. तेवढ्यात भाची दारात आली आणि म्हणाली, "मामा, त्यो ढकलत व्हता, तुमी आत बसला व्हता. तुमचा आकडा कोण बघनार?" आणि तिनं त्याच मुलाशी लग्न केलं. म्हणाली, धापा टाकत का होईना, खरं बोलला की. मालक वर्षभर तिच्यासमोर मान वर करून बोलत नव्हते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र त्यांना कुणी खोटं पाडू शकत नव्हतं. चार्जिंगवरून काढलेली बॅटरी ते त्या दिवशी तपासायचेच नाहीत. रात्रभर गोणपाट घालून ठेवायचे. घाईचं गिऱ्हाईक भांडायचं, "मीटर तेरा दावतोय की!" मालक म्हणायचे, "जेवून उठल्या उठल्या समदीच ढेकर देत्यात. रात्र जाऊ दे. सकाळी बघू पोटात किती हाय ते."

सकाळी शांत आकडा घ्यायचा. बारा सात, बारा सहा असला की ठीक. मग फळी. एका जाड फळीवर जीपचे जुने दिवे बसवले होते, शंभर-शंभर वॅटचे दहा. दहाही दिवे एकदम पेटवायचे. भिंतीवर उन्हासारखा उजेड पडायचा आणि मालक त्या उजेडाकडे तोंड करून उभे. इकडे मी मीटरवर. भार पडला की आकडा धपकन खाली येतो. सहावरून दोनवर. नवख्याला वाटतं, गेली. मालक म्हणायचे, "पडनं ही चूक न्हवं. पडून उभी ऱ्हाते का घसरत जाते, त्ये बघा."

मग माझं सुरू व्हायचं. "बारा दोन! बारा दोन! बारा एक! बारा एक! बारा एक!" रात्रपाळी सुटून दुचाकीवरून घरी निघालेली माणसं एक पाय खाली टेकवून फाटकात थांबायची. बैलगाडीच्या शर्यतीसारखं व्हायचं. कुणी म्हणायचं, "बारा मोडनार बघ!" दुसरा म्हणायचा, "न्हाई मोडत, एक चहा लाव!" मला सांगायला लाज नाही, मला तो आरडाओरडा फार आवडायचा. घरात मी कधी मोठ्यानं बोलले नाही. इथं ओरडणं हेच काम होतं.

अशात शेजारच्या शेडमध्ये एक घरगाडी तयार झाली. सांगलीजवळच्या एका द्राक्षबागायतदाराची. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. जैन माणसं, वागायला सरळ. गाडी त्यांनी आईसाठी बांधली होती. आईला सगळे अव्वा म्हणत. ऐंशी ओलांडलेल्या, पण पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. त्यांना श्रवणबेळगोळला जायचं होतं आणि वाटेत सावकाश थांबत, बघत जायचं होतं. अडचण एकच. अव्वा उकळलेलंच पाणी प्यायच्या, तेही वेळच्या वेळी उकळलेलं, आणि दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. हॉटेलातल्या पाण्यावर विश्वास नाही. त्यापायी दहा वर्षं त्या कुठं गेल्या नव्हत्या. सुनेला चालत्या गाडीत गॅसचा सिलिंडर नको होता. म्हणून गाडीत विजेची किटली आली.

आता किटली म्हणजे काही पंखा नव्हे. ती एकटी जवळजवळ आमच्या फळीइतकं ओढते. मालकांनी हिशेब करून मोठ्या दोन बॅटऱ्या दिल्या. रात्रभर झाकून ठेवल्या, सकाळी दहा दिवे लावले. मी घसा फाटेपर्यंत ओरडले. बाराच्या खाली गेलं नाही. दोन्ही बॅटऱ्यांच्या पोटावर मालकांनी खडूनं बरोबरची खूण केली.

अण्णा म्हणाले, "मालक, खात्री हाय न्हवं? अव्वा एकदा निघाली आन् वाटेत पान्याविना ऱ्हायली, तर परत घराभाईर पाय टाकायची न्हाई."

मालकांना चेव चढला. फाटकात पाळी सुटलेली माणसं उभी होतीच. त्यांच्यासमोर म्हणाले, "किटली उकळस्तवर आकडा अकराच्या खाली आला, तर मी माजी पाटी उतरवतो. शेड बंद!"

माणसं गेल्यावर मी म्हटलं, "पाटी तुमची, पर पोट माजं हाय. मला इचारायचं तरी."

"बाई, बारा तुमीच वरडला न्हवं?" ते म्हणाले. "मग भ्याचं कशाला?"

त्याच दिवशी संध्याकाळी बॅटऱ्या गाडीत बसवायच्या होत्या. बसवण्याआधी अव्वा म्हणाल्या, गाडीची पूजा करू, बॅटऱ्यांचीही करू. घर चालवणारी तीच आहे. पाटावर दोन्ही बॅटऱ्या मांडल्या. अण्णांच्या बायकोनं ताम्हन आणलं. आता माझं शेवटचं काम असं असायचं की, तार जोडायच्या आधी बॅटरीची डोकी, म्हणजे जिथं तार आवळतात ती शिशाची चपटी बोंडं, घासून लख्ख करायची. पण पूजा म्हटल्यावर मी मागं सरले. विधवा बाईनं अशा वेळी पुढं व्हायचं नसतं. मला कुणी जा म्हणालं नव्हतं. पाय आपोआप मागं गेले. मी पार फाटकापाशी जाऊन उभी राहिले, तिथून घरी गेले. तार शेजारच्या शेडच्या फिटरनं जोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला किटली लावायची ठरली. गल्ली जमली. चहावाला टपरी सोडून आला. अव्वा गाडीत पलंगावर मांडी घालून बसल्या, हातात रिकामा तांब्या. पंखा लावला, चालला. दिवे लावले, लागले. फ्रीज घुरघुरला. अण्णा हसले. मालकांनी नेहमीसारखी पाठ फिरवली आणि म्हणाले, "किटली!"

अण्णांनी बटण दाबलं. पाच श्वास घ्यावे एवढा वेळ झाला असेल, आणि इन्व्हर्टर किंचाळला. बॅटरीची वीज घरातल्या विजेसारखी करून देणारा डबा असतो तो. व्होल्ट फार पडले की तो आधी ओरडतो आणि मग सगळं बंद करतो. पंखा थांबला. दिवे गेले. पुन्हा लावलं, पुन्हा किंचाळला. तिसऱ्यांदा तसंच. डब्यावरच्या काचेत आकडा दिसायचा. अण्णा तो वाचून म्हणाले, "साडेधा."

साडेधा म्हणजे साडेदहा. अकराच्या खाली.

माणसांनी तोंडं दुसरीकडं फिरवली. तेच वाईट होतं. एरवी ही गल्ली मेल्या माणसालाही टोमणा मारेल. मालक वळले. त्यांचा चेहरा मी वीस वर्षांत तसा बघितला नव्हता. सगळ्या जगाला भार देऊन बघणारा माणूस, आणि एका साडेदहानं खांदे पाडून उभा. पाना घेतला, स्टूल घेतलं आणि सरळ आमच्या शेडकडे गेले. स्टुलावर चढून पाटीचे बोल्ट सोडवायला लागले. बोल्ट गंजलेले. करकर आवाज गाडीपर्यंत येत होता.

मला दुःख वगैरे झालं नाही. मला राग आला. काल सकाळी मी बारा ओरडले होते ते काय खोटं? मी मीटर उचलला, गाडीत चढले, पलंगाखालच्या पेटीचं झाकण काढलं आणि मीटरची दोन टोकं बॅटरीच्या बोंडांवर दाबली. म्हटलं, "अण्णा, लावा किटली."

"मावशी, ऱ्हाऊ द्या आता."

"लावा म्हन्ते न्हवं!"

लावली. माझ्यासमोर आकडा हलला आणि थांबला. मी जेवढा जीव होता तेवढा लावून ओरडले, "बारा एक!"

पलीकडे डब्यासमोर अव्वा बसल्या होत्या. द्राक्षाच्या पेट्या काट्यावर घालून घालून आकडे वाचायची त्यांना सवय. त्या म्हणाल्या, "कसलं बारा? हितं साडेधा दावतंय."

"बारा एक!"

"साडेधा! डोळं फुटलं का काय तुजं?"

"तुमचा डबा फुटलाय, अव्वा! बारा!"

"साडेधा!"

इन्व्हर्टर किंचाळून बंद पडला. अण्णा म्हणाले, "मावशी, समदी बघत्यात. खोटं कशाला वरडायचं?"

"मी खोटं वरडत न्हाई! वीस वर्सांत वरडले न्हाई!"

तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं, बाहेरची करकर थांबलीय. मालक स्टुलावर तसेच उभे होते, पाना बोल्टावर. तोंड पाटीकडे, पाठ आमच्याकडे. तिथूनच म्हणाले, "परत."

अण्णांनी पुन्हा बटण दाबलं.

"बारा एक!" मी.

"साडेधा!" अव्वा.

"एकदम वरडा! दोघी!"

आम्ही दोघी म्हाताऱ्या एकदम ओरडलो. गल्ली हसायला लागली. मालक स्टुलावरून उडी मारून खाली आले. ह्या वयात उडी! धावत गाडीत चढले आणि म्हणाले, "दोघी खरं बोलताय! बॅटरीपाशी बारा हाय आन् डब्यापाशी साडेधा. मंग मदलं दीड कोन खातंय?"

"तार!" फाटकातून कुणीतरी ओरडलं.

"तारेवर हात ठेवा, बाई. बघा, कुठं तापलीय."

मी हात फिरवत आणला. तार गार. तारेच्या टोकाला तांब्याची चपटी कडी असते, तिला थिंबल म्हणतात. ती बॅटरीच्या बोंडावर बोल्टनं आवळतात. तिथं बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. तव्यावर पडल्यासारखं भाजलं. "हितं!" मी ओरडले. "हितं चोर हाय!"

मालकांनी बोल्ट सोडला. थिंबल उचललं. खाली बोंडावर हळदकुंकवाचा जाड लपका, करपून काळा-तांबडा झालेला. पूजेला बॅटरीच्या दोन डोक्यांना दोन कपाळं समजून कुंकू लावलं होतं, आणि त्यावरच तार आवळली होती. पंख्यादिव्यांना थोडी वीज लागते, ती कशीबशी त्यातून जायची. किटलीनं ओढलं की वाट कोंडायची.

फिटर मागं उभा होता, चांगला चाळिशीचा माणूस. मान खाली घालून म्हणाला, "मला दिसलं व्हतं. पर कुकू पुसायचं कसं? गाडी देवाला निघालेली."

अण्णांची बायको एकदम दोन पावलं मागं गेली. अण्णा तिच्याकडे बघायला लागले, ती अव्वांकडे, अव्वा तांब्याकडे. फिटर तर गाडीतून उतरलाच. इतकी माणसं, आणि चार ठिकाणचं कुंकू पुसायला एक हात पुढं येईना. ऊन शेडच्या पत्र्यापर्यंत उतरलं होतं. अव्वांचं पाणी दिवस मावळायच्या आत उकळायला पाहिजे होतं, नाहीतर आज किटली चालली काय आणि न चालली काय, त्या पिणार नव्हत्या आणि अण्णांचा विश्वास बसणार नव्हता.

मी म्हटलं, "बोंडं घासायचं काम माजं व्हतं. काल मी मागं सरले, घासलं न्हाई. चूक माजी हाय, फिटरची न्हवं. आन् कुकवाचं म्हनाल, तर माजं पुसून पंचवीस वर्सं झाली. मला काय व्हनार हाय? फडकं आना."

अण्णांच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी म्हटलं, "वैनी, नंतर रडा. आधी पालिश पेपर द्या त्यो."

फडक्यानं पुसलं, पालिश पेपरनं घासलं, शिसं चांदीसारखं दिसेपर्यंत. चारही बोंडं. मालक थिंबलं घासत होते. दर मिनिटाला बाहेर वाकून सूर्याकडे बघत होते. बोल्ट आवळले, वरून व्हॅसलिन थापलं.

"सूर्य रिपोर्ट!" मालक ओरडले.

"दोन हात हाय अजून!" चहावाला बाहेरून ओरडला.

मालकांनी तोंड गाडीच्या पत्र्याकडे केलं, हात मागे बांधले. "किटली!"

"बारा एक!" मी.

"अकरा नऊ!" अव्वा.

"बारा एक!"

"अकरा नऊ! थांबलंय गं! हलंना!"

"बारा!"

"अकरा आठ!"

गल्ली मोजायला लागली. किटली आधी गप्प, मग सूं सूं, मग आत दाणे उडाल्यासारखा आवाज. "अकरा आठ!" अव्वा गुडघ्यावर उभ्या राहून ओरडत होत्या. सून म्हणत होती, "अव्वा, पडशीला!" अव्वा तिला म्हणत होत्या, "तू गप, आकडा चुकतोय!" मग झाकण थडथडलं, वाफ आली, आणि बटण आपलं आपण टक्कन वर उडालं.

बाहेर जो गोंधळ झाला तो मी सांगत बसत नाही. दुचाक्यांचे हॉर्न चार शेडपलीकडे ऐकू गेले.

अव्वांनी तांब्यात पाणी ओतलं, फुंकर घालून घालून प्याल्या. सूर्य पत्र्याच्या कडेला टेकला होता. तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "अण्णा, परवा निघू."

मालक पत्र्याकडे तोंड करून अजून तसेच उभे होते. मग म्हणाले, "मी बैल जुपून बघितला, जू बघितलंच न्हाई." आणि शेडकडे चालताना, "बाई, समद्या गल्लीसमोर तुमचा आकडा हालला न्हाई."

"हालला की," मी म्हटलं. "तुमची पाठ व्हती, म्हनून दिसला न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल ऑइलपेंटचा डबा आणला. शेडमधल्या प्रत्येक बॅटरीच्या पोटावर एक गोल काढला आणि खाली लिहिलं, 'कुंकू इथं'. अण्णांच्या दोन बॅटऱ्यांवरही काढला. मग करंडा माझ्यासमोर धरून म्हणाले, "पयलं तुमी लावा."

"मला त्यात ओढू नका, मालक."

"ऑर्डर हाय."

लावलं. आभाळ कोसळलं नाही. अव्वा जाऊन आल्या आणि त्यानंतर आणखी चार वेळा गेल्या. पाटी मात्र पुढं कायम डावीकडं कललेली राहिली, कारण एक बोल्ट सुटला होता आणि मालकांनी तो परत बसवू दिला नाही. म्हणाले, राहू दे, ध्यानात ऱ्हातं.

पुढं पुढं लिहायचा कंटाळा केला, नुसता गोलच काढायचे. मालक गेले, शेड दुसऱ्यानं घेतली, मी साताऱ्याला मुलीकडे आले. गेल्या महिन्यात मुलीच्या घरातल्या इन्व्हर्टरची बॅटरी गेली म्हणून तिच्याबरोबर दुकानात गेले. दुकानदारानं एक बॅटरी पुढं सरकवली. पोटावर लाल गोल.

"हा कशाचा?" मी विचारलं.

"खूण हाय, मावशी. जुनी. सांगलीकडनं आलीय. लाल गोल असला की माल भारात टिकतो. बघायचं कामच न्हाई." त्यानं मीटर लावून दाखवला. "हे बगा, बारा सात."

मुलगी म्हणाली, "घेऊया आई?"

मी म्हटलं, "बसून बारा सात. दिवे हायत का दुकानात? जुने, जीपचे? दहा आण."

तो माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मग काय वाटलं कोण जाणे, आतून शोधून सहा आणले, तारा जोडल्या. मी मीटरकडे पाठ केली, तोंड रस्त्याकडे, हात मागे बांधले.

"हं," मी म्हटलं. "आकडा रिपोर्ट. मोठ्यांदा."